रविवारी दोन ते पाच

आमच्या खोलीपासून चौथ्या दारामागे राहणारा माणूस गेल्याची बातमी मला सांगलीहून आली. रविवार होता, दुपारचा दीड वाजत आला होता. जेवण झालं होतं आणि मी आडवा होण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात तन्वीचा, माझ्या मुलीचा, फोन आला. ती सांगलीला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. "बाबा, जरा दिगूकाकांचं दार वाजवा ना. फोन उचलत नाहीयेत." मी विचारलं, तू त्यांना कशाला फोन करतेस? ती म्हणाली, "दर रविवारी करते. प्लीज बाबा, आधी दार वाजवा." माझं आणि दिगूकाकांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. सगळ्या मजल्याला ते माहीत होतं, आणि मजल्याला माहीत असलेली अढी सोडायची तर माणसाला दुप्पट जोर लावावा लागतो. तो माझ्याकडे नव्हता. मी बायकोला म्हणालो, "नीता, तू बघून ये." ती भांडी घासत होती. तिचे हात धुऊन, पुसून होईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली असतील. ती गेली आणि लगेच परत येऊन दारात उभी राहिली. "अहो, तुम्हीच या," एवढंच म्हणाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. रविवारी मुलं सराव परीक्षेला यायची म्हणून ते सकाळपासून तसंच असायचं. दिगूकाका टेबलामागच्या खुर्चीत बसले होते, मान किंचित डावीकडे, चष्मा हातात. समोर टाइमपीस टिकटिकत होता आणि चार कोऱ्या उत्तरपत्रिका ओळीत मांडून ठेवलेल्या होत्या. नाक्यावरचे डॉक्टर आले, म्हणाले, दोन तास तरी होऊन गेलेत. म्हणजे मी तन्वीच्या फोनसरशी धावत गेलो असतो तरी काही फरक पडला नसता. हे मला तेव्हापासून पुष्कळांनी समजावलंय आणि मला ते कळतंही. तरी ती पाच-सात मिनिटं... पावणेदोनला चार मुलं आली. नेहमीप्रमाणे चपला बाहेर काढून, पाण्याच्या पारदर्शक बाटल्या घेऊन गॅलरीत उभी राहिली. त्यांना घरी जा म्हणून सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

दिगंबर पेडणेकर आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत तीन पिढ्यांचे काका होते. माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो; त्यांची पेन्शनची कागदपत्रं दिगूकाकांनीच लिहून दिली. ते मला 'शरद' म्हणायचे आणि माझ्या मुलीला 'बाय'. त्यांची सगळी नोकरी एका कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. निकालाची, दस्ताची प्रमाणित प्रत कुणाला हवी असली की मूळ कागद यांच्या टेबलावर यायचा. आधी कच्चं उतरवून काढायचं, मग पक्क्या शाईत लिहायचं, आणि मग एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रतीवर बोट ठेवून शब्दन् शब्द ताडून बघायचा. याला म्हणतात रुजवात. ती झाल्यावर कागदाच्या खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल', म्हणजे प्रत हुबेहूब मुळासारखी, असं लिहून 'रुजवात घेणार' म्हणून सही करायची. कारकून माणसाला कशाचा अभिमान असावा, तर दिगूकाकांना या सहीचा होता. "चौतीस वर्षांत माझी एक प्रत परत आली नाही," असं ते सांगायचे आणि ऐकणारा पुढे काहीतरी येईल म्हणून थांबायचा. पुढे काही नसायचं. गोष्ट तेवढीच होती.

काकी लवकर गेल्या. मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर ते सकाळी चौपाटीवर फिरून यायचे, दुपारी पेपर वाचायचे आणि संध्याकाळी गॅलरीत उभे राहायचे. रविवारची परीक्षा सुरू झाली ती सावंतवहिनींच्या मंदारमुळे. मंदार तेव्हा बारावीत होता, इंजिनिअरिंगच्या सीईटीला बसायचा होता. तो एकदा गॅलरीत काकांपाशी कुरकुरला की मला सगळं येतं, पण सलग तीन तास बसताच येत नाही. कुणीतरी हाक मारतं, कुकर होतो, आजोबा बातम्या लावतात. काका म्हणाले, "गणित मला येत नाही रे. पण शांत बसवता येतं. रविवारी ये." मंदार गेला. पुढच्या रविवारी आणखी दोघं गेले, बघता बघता समोरच्या वाडीतूनही मुलं यायला लागली. काकांनी एक पैसा कधी घेतला नाही आणि एक प्रश्न कधी सोडवून दिला नाही. त्यांच्याकडे फक्त वेळ होता, आणि तो ते काटेकोर द्यायचे.

दोनच्या ठोक्याला पेपर, पाचच्या ठोक्याला बंद. मनगटी घड्याळ चालायचं नाही, कारण खऱ्या परीक्षेत चालत नाही. "घड्याळाकडे मी बघतो, तुम्ही पेपराकडे बघा," हे त्यांचं दर रविवारचं वाक्य. एकदा काका तापानं फणफणले होते, तरी कपाळावर ओला रुमाल ठेवून त्यांनी दोनला पेपर सुरू केला. काकींच्या वर्षश्राद्धाला भटजींना त्यांनी एक वाजताच वाटेला लावलं. उशीर त्यांना खपायचाच नाही. आणि नियम खोलीपुरते नव्हते, सगळ्या मजल्याला होते. आमच्या मजल्यावर चौदा खोल्या. रविवारी दोनच्या आत चौदाही घरांतले कुकर उतरलेले असत. मासळीवाली अकरालाच येऊन जायची. एकदा तिला उशीर झाला तर बिचारीनं टोपली डोक्यावर धरून खुणेनं पापलेटाचा भाव सांगितला. क्रिकेटची मॅच असली की सगळे आवाज बंद करून बघत. विकेट पडली की चौदा घरांत माणसं तोंडावर हात दाबून नाचत. मेट्रोचं खोदकाम ऐन भरात होतं तेव्हा काका थेट साइटवर गेले आणि रविवारी तीन तास ड्रिल बंद ठेवा म्हणून सुपरवायझरला सांगून आले. तो हसला, म्हणाला, "चाचा, ये तो सरकार का काम है." काका म्हणाले, "हम भी सरकार का ही काम किया." ड्रिल काही थांबलं नाही. पण त्याच्या पुढच्या रविवारी तो सुपरवायझर दुपारी मुद्दाम जिना चढून मुलं बघायला आला आणि दारातून न बोलता परत गेला.

आता त्यांची ती पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. या परीक्षांत उत्तरपत्रिकेवर गोळे काळे करायचे असतात, बॉलपेननं. एकदा केलेला गोळा खोडता येत नाही. काकांना हे ऐकून फार बरं वाटलं. पक्क्या शाईचा, खाडाखोड न चालणारा कागद म्हणजे त्यांच्याच खात्याचा. त्यांनी मुलांना शिकवलं: आधी सगळी उत्तरं प्रश्नपत्रिकेवरच खूण करून ठेवायची, ते कच्चं. शेवटच्या अर्ध्या तासात ती एकदम उत्तरपत्रिकेवर उतरवायची, ते पक्कं. आणि शेवटची पाच मिनिटं रुजवात, प्रश्नाचा आकडा आणि गोळ्याचा आकडा बोटानं ताडत जायचं. क्लासवाले सांगत, असं करू नका, सोडवाल तसं भरा. काका म्हणत, सोडवताना डोकं गरम असतं, गरम डोक्यानं पक्कं लिहू नये. तपासायला त्यांनी जुन्या लग्नपत्रिका घेतल्या होत्या. उत्तरांच्या जागी पंचिंग मशीननं भोकं पाडायची, पत्रिका उत्तरपत्रिकेवर ठेवायची आणि भोकातून काळं किती दिसतं ते मोजायचं. मंदारला चांगलं कॉलेज मिळालं, त्याच्यानंतर आणखी सात-आठ जणांना मिळालं, आणि पद्धतीचं नाव झालं.

माझ्या घरात ही परीक्षा तन्वीच्या अकरावीपासून आली. मेडिकलसाठीची 'नीट' द्यायची, डॉक्टर व्हायचं. हे तिनं ठरवलं की मी, याचं उत्तर आज विचाराल तर मी जरा थांबेन. तेव्हा थांबलो नसतो. सकाळी सहाला ती दादरच्या क्लासला जायची, तिथून कॉलेज, परत क्लास. दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. पोटमाळ्यावर ती आणि तिची पुस्तकं, खाली आम्ही दोघं कुजबुजत. मला बढतीवर नागपूरला पाठवत होते, ती मी नाकारली आणि हे महिन्यातून एकदा तरी तिच्या कानावर जाईल असं बघितलं. वाईट हेतूनं नाही... पण बघितलं. क्लासच्या बाहेर फुटपाथवर संध्याकाळी आम्ही बाप लोक उभे असायचो, हातात डबे आणि छत्र्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही. बोललं तर मार्क विचारावे लागतील. त्या दोन वर्षांत आमच्या घरात कुणी खळखळून हसल्याचं मला आठवत नाही. नुसता थकवा होता. सकाळी उठताना असायचा आणि आंघोळ केली तरी जायचा नाही. तन्वी फक्त रविवारी दोनला जरा हलकी होऊन घराबाहेर पडायची. मला वाटायचं, पोरीला परीक्षेची गोडी लागलीय. ती खरं तर तीन तास माझ्यापासून लांब बसायला जात होती, हे आता कळतं.

परीक्षेचं केंद्र लांब होतं. तिथल्या गेटबाहेर मी उन्हात तीन तास उभा राहिलो. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "गोळे भरायला वेळ नाही पुरला." मी विचारलं, किती राहिले? ती म्हणाली, बरेच, फिजिक्सचे. मी तिला एक शब्द बोललो नाही. चर्नी रोडपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं: शेवटी भरा, शेवटी भरा. काही आठवड्यांनी उत्तरपत्रिकेचा फोटो नेटवर आला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची प्रिंट काढली. फिजिक्सच्या रकान्यात वरचे थोडे गोळे काळे, खाली सगळं पांढरं. दुकानातून मी घरी गेलोच नाही, थेट काकांच्या खोलीत शिरलो.

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी आई लहानपणापासून सांगायची. प्रिंट त्यांच्या टेबलावर आपटली आणि म्हणालो, "तुमच्या कारकुनीनं माझ्या पोरीचं वर्ष गेलं. सगळं आयुष्य दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवण्यात घालवलंत, तेच पोरांना शिकवलंत." मजला ऐकत होता. त्या मजल्याला गप्प राहायचं काकांनीच शिकवलं होतं, त्यामुळे अगदी नीट ऐकू गेलं. काका उभे राहिले. प्रिंटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "माझं चुकलं, शरद." बस्स. वाद घातला असता तर मी कदाचित थांबलो असतो. घरी आलो तर नीता म्हणाली, "वड्याचं तेल वांग्यावर काढून आलात." मी म्हणालो, तुला काय कळतं. तन्वी पोटमाळ्यावर होती. ती खाली आली नाही.

त्यानंतर मी जे केलं ते ओरडण्याहून वाईट. मजल्यावर, वाडीत, सोसायटीच्या मीटिंगला, जिथे जिथे पोरांचे आईबाप भेटले तिथे तिथे मी सांगितलं की दिगूकाकांकडे पाठवू नका, माझ्या मुलीचं काय झालं बघा. छापील पुरावा होता माझ्याकडे. म्हणजे त्यांच्या टेबलावर होता, पण बघितलेला होता. अकरा मुलं यायची, ती चारांवर आली. काकांनी कुणाकडे ब्र काढला नाही. दोनला पेपर, पाचला बंद, चार तर चार. मजला मात्र रविवारी गप्पच राहिला. बायकांनी कुकर दोनच्या आत उतरवणं सोडलं नाही, माझ्या नीतानंही नाही. मी तिला एकदा म्हणालो, आता आपलं कोण जातंय तिथे? ती म्हणाली, सवय झालीय.

दुसऱ्या वर्षी तन्वीनं घरीच अभ्यास केला. मी तिला काकांकडे जायची बंदी केली होती आणि तिनं हूं की चूं केलं नाही. मीही तिच्यावर आवाज चढवला नाही, हे मात्र खरं. मला वाटायचं, मी सुधारलो. एमबीबीएसला पुरेल एवढे मार्क दुसऱ्यांदाही पडले नाहीत, पण फिजिओथेरपीला पडले. ती म्हणाली, मला हेच हवंय, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात मला घाई दिसली नाही. पेढे वाटले. काकांच्या वाट्याचा पेढा नीताच्या हाती पाठवला. दोन दिवसांनी ते जिन्यात समोर आले. मी उतरत होतो, ते चढत होते, कठड्याला धरून, एकेक पायरी. थांबून म्हणाले, "कुठे मिळालं बायला?" मी म्हणालो, "सांगली." आणि उतरत गेलो. मागून "बरं झालं रे, बरं झालं" असं ऐकू आलं, तेव्हा मी खालच्या मजल्यावर पोचलो होतो. आमच्यातलं शेवटचं बोलणं ते एवढंच.

तेरावं झाल्यावर त्यांचा डोंबिवलीचा पुतण्या खोली आवरायला आला. सज्जन माणूस. मला म्हणाला, काकांच्या कागदांतलं मला काही कळत नाही, तुम्ही शेजारी, जरा बघाल का? नाही कसं म्हणणार. कपाटात भोकं पाडलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला, त्यातली एक माझ्या लग्नाची. त्याच्याखाली मुलांच्या नावांच्या फायली. तन्वीच्या फायलीत तिच्या रविवारच्या उत्तरपत्रिका होत्या आणि सर्वांत खाली खऱ्या परीक्षेची प्रश्नपत्रिका. ही मुलांना घरी आणता येते. ती आमच्याकडे कुठे गेली हे मी कधी विचारलंच नव्हतं. तिच्यात एक घडी घातलेला कागद होता. उघडला तर मी टेबलावर आपटलेली तीच प्रिंट.

मी खाली बसून पानं उलटली. बायॉलॉजीच्या पानांवर प्रश्नागणिक खुणा. केमिस्ट्रीत बहुतेक ठिकाणी. फिजिक्सच्या पहिल्या अकरा प्रश्नांवर खुणा होत्या. बाराव्यापासून पुढे एकही नाही. बाराव्याच्या शेजारी पेनाचं टोक एकाच जागी टेकवून टेकवून कागदाला भोक पडलं होतं. त्यानंतरची पानं स्वच्छ, आकडेमोडही नाही. मी प्रिंट शेजारी ठेवली आणि बोटानं ताडायला लागलो. प्रिंटवर फिजिक्सचे अकराच गोळे काळे होते. तेच अकरा. बाकीच्या विषयांतही जिथे खूण तिथे गोळा, जिथे खूण नाही तिथे नाही. उतरवताना काहीच राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते मुळातच लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर, खाली, त्या वळणदार अक्षरात होतं: 'अस्सलबरहुकूम नक्कल. रुजवात घेणार, दि. ग. पेडणेकर.' पुतण्यानं विचारलं, महत्त्वाचं आहे का काही? मी म्हणालो, हो.

त्या आठवड्यात तन्वी घरी आली. मी प्रश्नपत्रिका तिच्यासमोर ठेवली. तिनं ती उघडली नाही. म्हणाली, "बाबा, बाराव्या प्रश्नाला मला काही दिसेनासंच झालं. वाचत होते, पण शब्द लागत नव्हते. तास-दीड तास नुसती बसले. मग सर म्हणाले अर्धा तास राहिला, तेव्हा काकांचं आठवलं. होतं तेवढं उतरवलं, रुजवात केली. तेवढंच नीट झालं त्या दिवशी." मी विचारलं, मग टॅक्सीत तसं का सांगितलंस? "तुम्ही नागपूर सोडलंत माझ्यासाठी. नुसती बसून राहिले होते असं कसं सांगणार होते?" दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं प्रश्नपत्रिका घेऊन जाऊन काकांना खरं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, निकाल लागू दे, मग बाबांना सांगू, मी असेन बरोबर. पण निकालाच्या आधी प्रिंट आली, आणि प्रिंट घेऊन मी गेलो.

"तुम्ही ओरडून आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काका, आज सांगतेच. ते म्हणाले, अजिबात नाही. म्हणाले, बाय, तुला अजून वर्षभर त्या दहा बाय बाराच्या खोलीत बाबांसमोर बसून अभ्यास करायचाय. त्यांचा राग चार दारं पलीकडे राहिलेला बरा. मला काय, मी म्हातारा माणूस, माझं काय वर्ष जाणार आहे?" तन्वीनं हे अगदी त्यांच्या सुरात सांगितलं. नीतानं मध्ये चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. सांगलीला गेल्यावर तन्वी दर रविवारी दीडला त्यांना फोन करायची. मुलं यायच्या आधी, पाच मिनिटं. दर वेळी विचारायची, आता सांगू का बाबांना? दर वेळी ते म्हणायचे, सुट्टीत आलीस की बघू.

त्या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आपली प्रत परत आली नाही याचा. ती मी मजल्याभर परत आलेली म्हणून दाखवत हिंडलो. आणि ती बरोबर आहे याचा पुरावा त्यांच्या कपाटात दोन वर्षं सहीनिशी पडून होता. तन्वीच्या तोंडून कळल्यावरही त्यांनी स्वतः ताडून बघितलं, म्हणजे आपली चूक असेल अशी शंका त्यांनाही आली असणार. ती फिटल्यावर एखादा माणूस निदान मला दारात उभं करून दाखवेल. मी तर ढोल वाजवला असता. राग माझा होता, आणि तो दोन वर्षं सांभाळला त्यांनी. मला फार लाज वाटते. आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षाही जास्त दमल्यासारखं वाटतं. क्लासच्या बाहेर फुटपाथवर उभं राहून वाटायचं तसंच.

मी ज्या घरांत जाऊन त्यांच्याविरुद्ध सांगून आलो होतो, त्या सगळ्या घरांत परत गेलो. अर्ध्यांना आधीचंच आठवत नव्हतं. सावंतवहिनी म्हणाल्या, "आता कशाला, भाऊजी? तो माणूस गेला." एका बापानं विचारलं, मग दुसरं कोण घेतं का असं रविवारी? तन्वीला म्हणालो, हे सगळं लिहावं वाटतं, पण त्यात तुझी गोष्ट येते. ती म्हणाली, "लिहा. नावासकट लिहा." म्हणून लिहिलं.

खोलीचं काय करायचं ते पुतण्याचं अजून ठरलेलं नाही. तोवर किल्ली माझ्याकडे आहे. मागच्या रविवारी मी दीडलाच जाऊन दार लोटून ठेवलं, टाइमपीसला किल्ली दिली, टेबल पुसलं. पावणेदोनला चारही मुलं आली. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. बाहेर कुकरची एक शेवटची शिट्टी झाली आणि मजला गप्प झाला. मी काकांच्या खुर्चीत बसलो नाही, खाटेवर बसलो. दोनला पाच कमी असताना समोरच्या वाडीतली एक मुलगी म्हणाली, "काका, गोळे लगेच भरायचे की शेवटी? दिगूकाका म्हणायचे, तुमचं तुम्ही ठरवा. आई म्हणाली, तुम्हाला विचार." मी म्हणालो, "आधी प्रश्नपत्रिकेवर. मग शेवटच्या अर्ध्या तासात शीटवर. मग रुजवात."

"रुजवात म्हणजे?" तिनं विचारलं. बाकीचे तिघंही माझ्याकडे बघत होते. मी ओरडून आलो त्या दिवसानंतर काकांनी हा शब्द त्या खोलीत उच्चारलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी कपाटातून तन्वीची प्रश्नपत्रिका आणि ती प्रिंट काढली, चौघांना जवळ बोलावलं आणि बोट ठेवून सुरुवातीपासून दाखवत गेलो. मध्ये मला दोनदा थांबावं लागलं. त्या दिवशी पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला.